प्रसरण टाकी, प्रेशर पंप आणि गरम पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घर ऊबदार ठेवण्यासाठी भिंतींना रेडिएटर लावण्याची पद्धत नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा दहा अंशांखाली उतरला, तरी स्वेटर, दुलई आणि बादलीभर कढत पाणी यांवर आपले भागते. त्यामुळे थंड देशांत घरोघरी असणारी प्रसरण टाकी, म्हणजे प्लंबर मंडळी जिला एक्स्पान्शन टँक म्हणतात ती, आपल्याकडे उशिरा आली आणि आली तीही न सांगता : आधी शॉवरला जोर हवा म्हणून प्रेशर पंप आला, मग त्या पंपाच्या दाबावर चालणारा, पाणी तापवणारा सोलर किंवा हीट पंप आला, आणि त्यांच्या मागोमाग ही गोल टाकी गच्चीवर येऊन बसली. ती काय करते हे घरात सहसा कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती बिघडली की बोल पंपाला, गिझरला किंवा व्हॉल्व्हला लावला जातो. गरम पाण्याच्या यंत्रणांची दुरुस्ती करताना जे प्रश्न वारंवार कानांवर पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दाबाचे आकडे बारमध्ये आहेत. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, किंवा सुमारे १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब.

प्रसरण टाकी म्हणजे नेमके काय, आणि ती नसेल तर काय बिघडते?

पाणी तापले की फुगते. २० अंश सेल्सियसचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. २५ लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास भरते. २०० लिटरच्या सोलर टाकीतले पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर गेले, तर ती पाच लिटरांहून अधिक होते. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु पाणी हवेसारखे दबत नाही, आणि चारही बाजूंनी बंद असलेल्या नळ्यांत या जादा पाण्याला जागा मिळाली नाही, तर दाब झपाट्याने चढतो.

ही जागा प्रसरण टाकी देते. बाहेरून पोलादी कवच आणि आत रबरी फुगा, ज्याला बाजारात ब्लॅडर म्हणतात, एवढीच तिची रचना असते. फुग्याच्या आत पाणी येते आणि फुगा व कवच यांच्यामध्ये दाबाखाली भरलेली हवा असते. पाणी तापून फुगले की हवा दबून त्याला जागा करून देते, आणि पाणी निवले किंवा वापरले गेले की हवा त्याला परत नळीत ढकलते. आपण तिला टाकी म्हणत असलो, तरी तिच्यात जपायची असते ती हवा. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा येईल.

आमच्या वाड्यात आणि नंतरच्या फ्लॅटमध्येही अशी टाकी कधी नव्हती. मग आताच तिची गरज का भासावी?

कारण तेव्हाची यंत्रणा उघडी होती. तांब्याच्या बंबाला वरून नुसते झाकण असे. पाणी फुगले तर ते बंबातच चढे, फारच झाले तर काठावरून सांडे, आणि कोणाच्या काही ध्यानातही येत नसे. फ्लॅटमध्ये गिझर आला तेव्हाही त्याची थंड पाण्याची नळी थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत मोकळी जात असे. फुगलेले पाणी त्याच नळीतून हळूच वर सरके आणि गच्चीवरची टाकीच प्रसरण टाकीचे काम करी. सोलरच्या टाकीवर उभी केलेली व्हेंट पाइपही त्याच जातीची. पुणेकरांना ही कल्पना नवी नाही : अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणणारी जी जलवाहिनी बांधली गेली, तिच्यावरही कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास ठेवलेले होते.

ही मोकळी वाट बंद होते ती एनआरव्हीमुळे, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमुळे. प्रेशर पंप बसवला की त्याच्याबरोबर एनआरव्ही येतोच, कारण तो नसेल तर पंपाचा दाब उलट गच्चीवरच्या टाकीत निघून जाईल. पंप बसवणारा आपले काम चोख करून जातो. गिझरमधल्या फुगलेल्या पाण्याचा परतीचा रस्ता आपण बंद केला, याकडे मात्र त्याचे लक्ष नसते.

पंपाबरोबर आलेली चोवीस लिटरची प्रेशर टाकी आमच्याकडे आहे. तीच हे काम करणार नाही का?

करू शकते, पण एनआरव्ही कोठे आहेत यावर ते अवलंबून आहे. दोन्ही टाक्या दिसायला जुळ्या बहिणी असल्या, तरी त्यांची कामे निराळी आहेत. पंपाची टाकी थोडे पाणी दाबाखाली राखून ठेवते, जेणेकरून कोणी बेसिनवर नुसते बोट धुतले तरी पंपाला धावत यावे लागू नये. पंपाचा एनआरव्ही टाकीच्या आधी असेल आणि टाकीपासून गिझरपर्यंत मध्ये दुसरा कोणताही अडसर नसेल, तर गिझरमधले फुगलेले पाणी मागे सरकून त्याच टाकीत शिरते आणि वेगळ्या टाकीची गरज उरत नाही.

अडचण अशी की, बऱ्याच गिझरना थंड पाण्याच्या तोंडाशी जो सेफ्टी व्हॉल्व्ह लावलेला असतो, त्याच्या पोटातच आणखी एक एनआरव्ही असतो. हा दुसरा एनआरव्ही गिझरला बाकीच्या नळ्यांपासून तोडतो, आणि मग पंपाची टाकी कितीही मोठी असली तरी तिचा गिझरला उपयोग नसतो. टाकी विकत घेण्यापूर्वी गच्चीपासून गिझरपर्यंत नळी डोळ्यांनी आणि बोटाने चाचपत जावे आणि वाटेतले प्रत्येक बाणाचे चिन्ह कागदावर उतरवून ठेवावे. अर्ध्या तासाचे काम आहे, परंतु अनेक घरांत तेवढ्यावरच खरेदी वाचलेली आहे.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. हा बिघाड समजावा का?

कधी ठिबकते ते आधी पाहावे. गिझर चालू असताना काही थेंब पडून, पाणी तापून झाल्यावर ते थांबत असतील, तर व्हॉल्व्ह आपले नेमलेले कामच करत आहे : फुगलेल्या पाण्याला दुसरी जागा नाही, म्हणून ते येथून बाहेर पडते. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक पाइप जोडून ती न्हाणीघराच्या मोरीपर्यंत नेली, की लहान गिझरपुरता प्रश्न मिटतो. वेगळी टाकी घेण्याची सक्ती नाही.

गिझर बंद असताना, रात्रभर ठिबकत असेल तर एक तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार किंवा कचरा बसला आहे, किंवा पंपाचाच दाब जास्त ठेवलेला आहे. आणि पूर्वी न ठिबकणारा व्हॉल्व्ह एकाएकी, प्रत्येक वेळी तापवताना भरपूर पाणी टाकू लागला, तर यंत्रणेतल्या प्रसरण टाकीची हवा गेली आहे असे धरून चालावे.

येथे स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. माझ्या घरी एका हिवाळ्यात मी हा व्हॉल्व्ह तीन वेळा बदलला. पहिला खराब निघाला असे मानले, दुसरा दुकानदाराने जुना माल दिला असे मानले, आणि तिसराही दुसऱ्या दिवशी ठिबकू लागला तेव्हा कोठे शिडी लावून गच्चीवरच्या प्रसरण टाकीचे प्लास्टिकचे टोपण काढले. गेज लावले तर काटा जागचा हलला नाही. टाकी बसवल्यापासून चार वर्षांत तिच्यातली हवा मी एकदाही पाहिली नव्हती, आणि हेच काम मी दिवसभर इतरांच्या घरी करत होतो.

ठिबकणे थांबावे म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करून टाकला तर चालेल का?

नाही. त्याच्या तोंडाला डमी लावणे, ते एम-सीलने बुजवणे किंवा पुढे कॉक बसवून तो बंद ठेवणे, यांपैकी काहीही करू नये, आणि कोणी करून ठेवले असेल तर गिझरचा स्विच बंद करून ते आजच काढून घ्यावे. थर्मोस्टॅट आणि त्याच्यामागचे सुरक्षा-कटआउट ही दोन्ही निकामी झाली, तर बंद टाकीतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे पाणीच राहते. अशी टाकी फुटली की दाब एका क्षणात उतरतो, त्या पाण्यातल्या काही भागाची तत्काळ वाफ होते, आणि वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. न्हाणीघराची भिंत त्यापुढे टिकत नाही.

टाकी बिघडली आहे हे बाहेरून कसे ओळखावे?

पंपाच्या टाकीचे सर्वांत बोलके लक्षण म्हणजे पंपाचा आवाज. नळ थोडासा उघडला तरी पंप काही सेकंदांच्या अंतराने चालू-बंद, चालू-बंद होत राहतो आणि शॉवरची धार त्याच तालावर लहान-मोठी होते. गरम पाण्याच्या प्रसरण टाकीच्या बाबतीत दाबाचा काटा पाहावा : पाणी तापताना तो भराभर वर चढतो आणि एक बादली पाणी काढताच धाडकन खाली येतो.

दुसरी परीक्षा बोटाच्या पेराची. कवचावर वरपासून खालपर्यंत टकटक करत जावे. हवेच्या भागात पोकळ, ठणठणीत आवाज येतो आणि पाण्याच्या भागात भरलेल्या घागरीसारखा बद्द. सगळीकडे बद्द आवाज आला तर टाकी पाण्याने भरली आहे. ही परीक्षा संशय घेण्यापुरती आहे. निकाल मात्र गेजवरच लावावा.

टाकीतली हवा कशी मोजायची आणि कशी भरायची?

हे काम स्कूटरच्या चाकात हवा भरण्याइतकेच अवघड आहे, आणि व्हॉल्व्हही तोच असतो. टाकीच्या एका टोकाला काळे किंवा निळे टोपण असते. ते फिरवून काढले की मोटारीच्या ट्यूबला असतो तसा पिनचा व्हॉल्व्ह दिसतो. पायाने मारायचा पंप आणि टायरचे गेज एवढी सामग्री पुरते. नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत दोन्ही मिळतात, आणि हल्ली दुचाकीसाठी मिळणारा विजेवरचा छोटा पंप असेल तर उत्तमच.

चूक होते ती क्रमात. पाण्याच्या बाजूला दाब असताना गेज लावले, तर हवेचा आणि पाण्याचा दाब नेहमी सारखाच दिसतो, कारण मधला रबरी पडदा दोघांना समतोल ठेवतो. फुग्याबाहेर वाटीभर हवा उरली असली तरी गेज अडीच बार दाखवील आणि आपण निर्धास्त होऊन खाली येऊ. म्हणून प्रथम गिझर, सोलरचा बॅकअप आणि पंप यांचे स्विच बंद करावेत, पाणी पुरेसे निवू द्यावे, गच्चीवरच्या टाकीकडून येणारा कॉक बंद करावा, आणि मोजायच्या टाकीच्या बाजूचा एखादा नळ उघडून धार पूर्ण थांबेपर्यंत वाहू द्यावा. वाटेत एनआरव्ही असेल तर हा नळ त्याच्या पलीकडचा, म्हणजे टाकी ज्या भागाला जोडली आहे त्याच भागातला असला पाहिजे. तो नळ शेवटपर्यंत उघडाच ठेवावा.

आता पिनवर गेज दाबावे. जो आकडा दिसेल तो खरा. कमी असेल तर हवा भरत जावे. उघड्या नळातून पुन्हा थोडे पाणी येईल, कारण हवा फुग्यात अडकलेले उरलेसुरले पाणी बाहेर ढकलत असते. ते येऊ द्यावे, हवा भरणे चालू ठेवावे, आणि पाणी थांबल्यावर पुन्हा मोजावे. नेमका दाब झाला की पिनवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बुडबुडा येतो का ते पाहावे, टोपण लावावे, नळ बंद करावा आणि मग पाण्याचा कॉक उघडावा. दोन लिटरच्या छोट्या टाकीच्या बाबतीत गेज वारंवार लावू नये. प्रत्येक वेळी फुस्स करून जाणारी हवा तिच्या मानाने बरीच असते.

हवेचा दाब नेमका किती ठेवावा?

पंपाच्या टाकीसाठी : पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा सुमारे ०.२ बार कमी. पंप १.५ बारला चालू आणि २.८ बारला बंद होत असेल, तर रिकाम्या टाकीत १.३ बार, म्हणजे साधारण १९ पीएसआय हवा ठेवावी. इन्व्हर्टर पंपावर जी लहान टाकी असते तिच्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलाच आकडा पाळावा.

गरम पाण्याच्या प्रसरण टाकीसाठी हिशेब वेगळा आहे. तिच्यात थंड पाण्याने आधीच शिरून जागा अडवू नये, म्हणून थंड पाण्याचा जो कमाल दाब असतो, म्हणजे पंप ज्या दाबाला बंद होतो, त्याच्या आसपास तिची हवा ठेवावी. वरच्या उदाहरणात ती २.८ बार, म्हणजे सुमारे ४० पीएसआय होईल. दोन्ही टाक्यांत एकच दाब भरणे ही फार वेळा आढळणारी चूक आहे. नव्या टाकीत कारखान्यातून हवा भरून येते, पण ती आपल्या घराच्या दाबाला अनुसरून नसते. तेव्हा बसवण्यापूर्वी, टाकी जमिनीवर असतानाच, ती मोजून घ्यावी.

पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आले. आता काय करावे?

फुगा फाटला आहे. हवा भरून उपयोग नाही. ती पाण्यात मिसळून नळातून निघून जाईल.

सहकारनगरच्या एका बंगल्यात असाच प्रसंग आला होता. पंप सारखा धडपडतो, म्हणून घरातल्या आजोबांनी आधी पंपाचा प्रेशर स्विच बदलून घेतला होता. मी टोपण काढून नखाने पिन दाबली, तर चहाच्या रंगाच्या पाण्याची बारीक चिळकांडी थेट शर्टाच्या खिशावर आली. धड फुगा असला की पाणी फक्त रबराला लागते, पोलादाला शिवत नाही. फाटल्यावर ते कवचाला लागते आणि आतून गंज धरू लागतो. टाकी सोडवताना तिचे वजन हाताला जाणवले : रिकामी असताना एका हाताने उचलता येणारी ती चोवीस लिटरची टाकी दोघांनी मिळून खाली ठेवावी लागली. तळाचे सहा नट काढल्यावर आतून फुगा निघाला तो वेणीसारखा पिळलेला, आणि घडीवर वीतभर चीर. महिनोन् महिने हवा कमी राहिली की फुगा पाण्याने नको तितका ताणला जातो, कवचाला घासतो, आणि अखेर असा जातो. त्या घरी वर्षातून एकदा पायपंप मारला असता, तर फुगा आणि प्रेशर स्विच या दोन्हींचा खर्च टळला असता.

तळाला नटांची चकती असलेल्या टाकीचा फुगा बदलता येतो. त्यासाठी टाकीचे लिटर आणि तोंडाचा व्यास मोजून, शक्यतो जुना फुगाच पिशवीत घालून, रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला किंवा पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात जावे. गरम पाण्यासाठी ईपीडीएम रबराचा, पिण्याच्या पाण्याला चालणारा फुगा मागावा. कवचाला आतून पापुद्रे सुटेपर्यंत गंज लागला असेल, किंवा टाकी दाबून जोडलेली, न उघडणारी असेल, तर नवी टाकी घेणेच शहाणपणाचे.

किती लिटरची टाकी पुरेल?

तीन गोष्टी माहीत हव्यात : पाणी किती फुगणार, टाकीतल्या हवेचा सुरुवातीचा दाब किती, आणि यंत्रणेत जास्तीत जास्त किती दाब चढू द्यायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो त्याच्या अर्धा-एक बार खाली ही कमाल मर्यादा धरावी. मग कमाल दाबात १ मिळवून जी संख्या येईल तिला कमाल आणि सुरुवातीच्या दाबातल्या फरकाने भागावे, आणि आलेल्या उत्तराने फुगणाऱ्या पाण्याला गुणावे.

२०० लिटरचा बंद सोलर घेऊ. पाणी २५ पासून ८० अंशांपर्यंत जाईल तेव्हा सुमारे ५.२ लिटरने फुगेल. हवा ३ बार, व्हॉल्व्ह ६ बारचा, म्हणून कमाल ५.५ धरली. साडेसहाला अडीचने भागले की २.६, त्याने ५.२ ला गुणले की साडेतेरा लिटर. बाजारात त्याच्या वरचे जे माप मिळेल, अठरा, एकोणीस किंवा चोवीस, ते घ्यावे. याच रीतीने २५ लिटरच्या गिझरला, त्याचा व्हॉल्व्ह ८ बारचा असेल तर, दोन लिटरची टाकी भरपूर होते. मोठी टाकी घेतल्याने नुकसान काही नाही, फक्त जागा आणि पैसे जातात. लहान घेतली तर मात्र सगळाच खटाटोप वाया जातो.

टाकी कोठे आणि कशी बसवावी?

थंड पाण्याच्या नळीवर, शेवटचा एनआरव्ही आणि तापणारी टाकी यांच्या मधल्या भागात. थंड बाजूला असल्याने रबर जास्त वर्षे टिकते. टाकी आणि तापणारी यंत्रणा यांच्यामध्ये सहज बंद होईल असा कॉक ठेवू नये. दुरुस्तीसाठी ठेवायचाच असेल तर त्याची मूठ काढून ठेवावी, कारण गच्चीवर पापड वाळवायला गेलेल्या कोणाचाही हात त्याला लागू शकतो. टाकीचे वजन सीपीव्हीसीच्या नळीवर टांगू नये. आज हलकी असलेली टाकी फुगा फाटल्यावर पंचवीस-तीस किलोंची होते आणि सांधा तोडून खाली येते. पट्टी किंवा ब्रॅकेट भिंतीत पक्के करावे, आणि शक्य असेल तर उन्हापासून आडोसा द्यावा.

आमचा सोलर जुना, व्हेंट पाइपवाला आहे. त्याला प्रेशर पंप जोडून प्रसरण टाकी लावली तर चालेल का?

चालणार नाही, आणि ही चूक महागात पडते. व्हेंट पाइप असलेला सोलर हा उघडा सोलर. त्याची टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते. काचेच्या नळ्या टाकीत जेथे शिरतात तेथे केवळ रबरी कडी असते आणि ती फार थोडा दाब सोसते. पंपाचे पाणी अशा टाकीत सोडले, तर व्हेंटमधून कारंजे उडेल किंवा टाकीच फुगून शिवणीत फाटेल. प्रसरण टाकी येथे काहीच वाचवू शकत नाही.

दोन मार्ग आहेत. सोलरला गच्चीवरच्या टाकीचे पाणी साध्या उतारानेच द्यावे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर, गरम पाणी सोसणारा वेगळा पंप बसवावा. तेव्हा थंड आणि गरम दोन्ही नळ्यांतला दाब सारखा राहील असे पाहावे, नाहीतर मिक्सरमधून एकीकडचे पाणी दुसरीकडे शिरते. किंवा दाबावर चालणारा सोलर घ्यावा आणि मग त्याच्याबरोबर सेफ्टी व्हॉल्व्ह व प्रसरण टाकी दोन्ही घ्यावीत. उघड्या सोलरची व्हेंट पाइप गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आहे ना, हेही पाहून ठेवावे. टाकी बदलून उंच चौथऱ्यावर ठेवली आणि व्हेंट तेवढीच राहिली, म्हणजे गच्ची दिवसरात्र ओली राहते.

मे महिन्यात पंधरा दिवस कोकणात गेलो होतो. परत आलो तर सोलरच्या व्हॉल्व्हखाली पाण्याचा डाग आणि पांढरा थर. असे का झाले?

पुण्याच्या मेमधले ऊन, आणि पाणी वापरणारे कोणी नाही. रोज थोडे थोडे तापत पाणी नव्वद अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. २५ वरून ९० अंशांवर गेलेले ३०० लिटर पाणी जवळजवळ दहा लिटर फुगते; प्रसरण टाकीचे माप रोजच्या ६०-७० अंशांसाठी धरलेले असेल तर ती अपुरी पडते आणि उरलेले व्हॉल्व्ह बाहेर टाकतो. पांढरा थर हा पाण्यातल्या क्षारांचा. जाण्यापूर्वी काचेच्या नळ्यांवर जुनी चादर किंवा ताडपत्री घट्ट बांधून जावे. परत आल्यावर पहिला नळ जपून उघडावा, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

टाकीत नायट्रोजन भरावा का?

भरला तर तो थोडा सावकाश झिरपेल, इतकेच. साधी हवा पुरते; मात्र रबरातून हवा हळूहळू झिरपतेच, म्हणून वर्षातून एकदा मोजावी. दिवाळीच्या साफसफाईला गच्चीवर जाणे होतेच, आणि थंडीही तोंडावर असते. तोच दिवस धरावा.

आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी आहे. त्याने टाकीवर परिणाम होतो का?

टाकीवर कमी, व्हॉल्व्हवर जास्त. खडकवासल्याचे पाणी त्या मानाने सौम्य आहे. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत, जेथे बोअर आणि टँकरवर भिस्त असते, तेथे क्षार बसून सेफ्टी व्हॉल्व्ह एक तर गळतो किंवा चिकटून बसतो. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्याचा आवाज होत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची छोटी दांडी क्षणभर उचलून पाणी येते आणि सोडल्यावर थांबते, याची खात्री करावी. पाणी गरम असू शकते, तेव्हा हात बाजूला ठेवावा.

मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये राहतात. त्यांच्या बॉयलरचा काटा रात्री शून्यावर येतो आणि हीटिंग चालू केले की लाल पट्ट्यापर्यंत जातो. त्यांनी काय करावे?

हा प्रश्न पुण्यात नवलाने नव्हे, दर हिवाळ्यात येतो. लक्षण तेच आहे : टाकीतली हवा गेली आहे. तिकडे बॉयलर, नळ्या आणि रेडिएटर यांतून तेच पाणी फिरत राहते. थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. हवा नसली की तापताना दाब तिथवर चढतो, व्हॉल्व्ह घराबाहेरच्या नळीतून पाणी टाकतो, आणि निवल्यावर तेवढ्याच पाण्याची तूट पडून काटा खाली येतो. मग माणसे फिलिंग लूप उघडून रोज पाणी भरत बसतात. हे टाळावे, कारण प्रत्येक नव्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि रेडिएटर आतून गंजून काळा गाळ धरतात.

तेथे टाकी बहुधा बॉयलरच्या आतच असते, आणि गॅस बॉयलरचे आवरण उघडून करायचे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. जावयांनी त्याला काट्याचे थंड आणि गरम असे दोन्ही आकडे आधीच सांगितले, तर तो नुसता व्हॉल्व्ह बदलून जाणार नाही. एकदा पाणी टाकलेला व्हॉल्व्ह पुढेही गळण्याचा संभव असतो, म्हणून दोन्ही तपासायला सांगावे.

हे सारे घरी करावे की प्लंबरला बोलवावे?

हवा मोजणे आणि भरणे घरी करता येते. फुगा बदलणे, नळी कापणे आणि व्हॉल्व्ह बदलणे प्लंबरकडे द्यावे. त्याला एकच प्रश्न आधी विचारावा : “पाण्याचा दाब काढून हवा मोजली का?” “मोजतो की” असे म्हणून तो थेट गेज लावू लागला, तर त्याला चहा द्यावा आणि तोवर स्वतः नळ उघडून ठेवावा.

जुनी टाकी भंगारवाल्याला द्यायची आहे. काही काळजी घ्यावी का?

टाकी बाद झाली तरी आत दोन-तीन बार हवा असू शकते, आणि भंगारवाला तिला सरळ छिन्नी लावतो. देण्यापूर्वी पिन दाबून हवा पूर्ण सोडावी, मग व्हॉल्व्हमधली पिन फिरवून काढून घ्यावी. ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन काढण्याची छोटी किल्ली कोणत्याही पंक्चरवाल्याकडे असते. आत पाणी असेल तर टाकी उपडी करून ते मोरीत सोडावे, झाडांना घालू नये; गंजाचे डाग फरशीवरून जात नाहीत.